एकच गाडी, दोन पाट्या : वेगमर्यादेच्या यंत्राचा इतिहास

बेंगळुरूहून केंपेगौडा विमानतळाकडे जाणाऱ्या बल्लारी रस्त्यावर जवळजवळ एकाच घडणीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी धावताना दिसतात. पांढऱ्या पाटीची मारुती डिझायर खासगी असते. तिचीच ‘टूर एस’ ही आवृत्ती पिवळ्या पाटीवर टॅक्सी म्हणून चालते. टॅक्सीचा वेग कारखान्यातच ताशी ८० किलोमीटरला रोखलेला असतो. खासगी गाडी मात्र ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत सूचनेचा आवाज करते, थांबवत नाही. हा भेद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

यंत्राने आपला वेग आपणच आवरावा, ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. १७८८ मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने अशा नियंत्रकांच्या स्थैर्याचे गणित मांडले. पुढे हेच तत्त्व डिझेल इंजिनाच्या इंधनपंपात आले. बेंगळुरूच्या आडुगोडी भागातील ‘मायको’च्या कारखान्यामुळे असे पंप देशभरच्या ट्रकांत पोहोचले. परंतु या नियंत्रकाचे काम इंजिन जपणे हे होते, रस्त्यावरचा माणूस जपणे हे नव्हे.

माणसासाठी यंत्राला लगाम घालण्याचा एक ठळक प्रयत्न अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १९२३ मध्ये झाला. गाड्यांचा वेग ताशी २५ मैलांना, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरला, यंत्रानेच रोखावा अशी मागणी ४२ हजारांहून अधिक नागरिकांनी सह्यांनिशी केली. मोटारव्यवसायाने तिच्याविरुद्ध जोरदार प्रचार केला आणि मतदानात ती फेटाळली गेली.

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका दुर्घटनेने. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले मृत्युमुखी पडली. दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील जड व मध्यम वाहतूक वाहनांना ४० किलोमीटरची मर्यादा घालणारे उपकरण बसवण्याचा आदेश दिला. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक वाहतूक वाहनांना ८० ची, तर शाळेच्या बसना ६० ची मर्यादा आली. कालांतराने टॅक्सीही त्यात आल्या. खासगी मोटारींच्या वाट्याला जुलै २०१९ पासून केवळ सूचनेचा आवाज आला. जड वाहन अधिक घातक असते, हे कारण ट्रकला लागू पडते, डिझायरला नाही. तेथे पोटासाठी गाडी चालवणाऱ्याचा वेग यंत्राने रोखला गेला आणि मालकाचा वेग त्याच्या विवेकावर सोडला गेला.

भौतिकशास्त्र पाटीचा रंग पाहत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० आणि १०० च्या वेगाने धावणाऱ्या दोन गाड्यांनी एकाच ठिकाणी, सारख्याच जोराने ब्रेक लावले, तर पहिली जेथे थांबते तेथे दुसरी अजून ताशी ६० किलोमीटरने पुढे जात असते. कारण १०० च्या वर्गातून ८० चा वर्ग वजा केला की ६० चा वर्ग उरतो. महामार्गावर ८० ची मर्यादा प्राण वाचवू शकते, ती या वजाबाकीमुळे. भोवतालची वाहने १२० ने धावत असतील, तर मात्र वेगांतील तफावत हाच नवा धोका ठरतो. मर्यादा काहींनाच घालण्याचा हा तोटा आहे.

हीच वजाबाकी शहरातही चालते. ४० ची गाडी थांबते तेथे ५० ची गाडी अजून ३० ने जात असते, आणि पुढे पादचारी असतो. २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. त्याच वर्षी टॉमटॉम कंपनीच्या पाहणीनुसार बेंगळुरूच्या मध्यभागी १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे लागत, म्हणजे वेग ताशी सुमारे २० किलोमीटर. अशा ठिकाणी ८० ची मर्यादा कधी जागीच होत नाही. धोका असतो तो रात्री मोकळ्या झालेल्या रस्त्यावरच्या ६० चा, आणि ८० ला रोखणारे यंत्र त्याला आक्षेप घेत नाही.

युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत रस्त्यावरच्या पाट्या व नकाशा पाहून स्थानिक मर्यादेची जाणीव देणारी प्रणाली सक्तीची केली. चालक ती झुगारू शकतो. तरी तिची मर्यादा रस्त्यानुसार बदलते, आणि मुख्य म्हणजे ती मालकाच्या गाडीतही असते. वॅटचा नियंत्रक इंजिनाकडे पाहत होता, २०१५ चा नियम वाहनाच्या वर्गाकडे. नियंत्रकाने आता रस्त्याकडे पाहायला हवे, कारण माणूस तेथे असतो.