तबकडीवर नसलेले नाव

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात रेडिओ लावायचा तो पोटभर आवाजात. तरुणपणी आम्ही ‘अलबेला’ची गाणी ऐकली ती अशीच, मागावर ओणवे राहून. १९५१ सालचा हा चित्रपट. नायक-दिग्दर्शक भगवान पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, म्हणून आम्हाला त्यांचा अभिमान. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे. लताबाईंचे नाव तर सांगायलाच नको. पण त्या संगीतातला ट्रम्पेट कोण वाजवतो, हे कारखान्यात कोणी विचारले नाही. ‘हे काम कोणी केले?’ असे विचारणे हाच आमचा धंदा. तरी आम्हीही विचारले नाही.

त्या ट्रम्पेटवाल्याचे नाव आंतोनियो शाव्हियर वाझ. जन्म १९१६, बारदेशातील हळदोणे गावचा. मुंबईत तो चिक चॉकलेट या नावाने गाजला. अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगला त्याने गुरुस्थानी मानले होते. लोकही त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजे. १९६७ साली तो गेला. आमचे आजचे वय आणि त्याचे आयुष्य साधारण सारखेच भरते.

या मंडळींचे काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. ती विद्या घेऊन पोरे मुंबईस आली. रात्री हॉटेलात नाचाचे संगीत, दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण. १९४७ नंतर गोरे गिऱ्हाईक गेले, १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली, हॉटेलांचा धंदा बसला आणि चित्रपटाचा आधार अधिकच लागला. संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे, हे ठरवण्याचे काम अनेकदा या गोमंतकीयांकडे असे. चिक चॉकलेट हा सी. रामचंद्रांचा असाच उजवा हात. ‘अलबेला’त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्याच्या नावावर १९५१ चा ‘नादान’ आहे. तलत महमूदांचे त्यातले गाणे अजून ऐकू येते. बाकी बहुतेक कष्ट दुसऱ्यांच्या नावाखाली गेले.

७८ गतीच्या तबकडीवरील कागदी चकती पाहा. चित्रपट, गायक, संगीतकार अशी नावे असत. वादकाला जागा नसे. जागा गायिकेलाही सहज मिळाली नाही. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर लताबाईंच्या गाण्यापुढे ‘कामिनी’ हे पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी नभोवाणीकडे विचारणा केली, तेव्हा खरे नाव लोकांना कळले. ट्रम्पेटवाल्यासाठी अशी विचारणा कोण करणार?

अमेरिकेत क्लिफर्ड ब्राउन नावाचा ट्रम्पेटवादक होता. १९५६ साली पंचविसाव्या वर्षी तो मोटार-अपघातात गेला. सतरा वर्षांनी, १९७३ साली, त्याचे पूर्वी न निघालेले वादन तबकडीरूपाने बाहेर आले. त्यातला काही भाग मृत्यूच्या आदल्या रात्रीचा, असे सांगितले गेले. अभ्यासकांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही; कागद धुंडाळून त्यांनी ते वादन आदल्या वर्षाचे असल्याचे दाखवले. एका रात्रीच्या हजेरीसाठी एवढी खटपट! आम्हाला त्याचे कौतुक वाटते आणि थोडी लाजही वाटते.

तेथे वादकाचे नाव सर्वांना ठाऊक होते, वादन अप्रकाशित होते. आपल्याकडे उलटे झाले. वादन लाखो घरांत पोहोचले, अप्रकाशित राहिले ते नाव. ताजमधल्या रात्रींचे तर बोलायलाच नको. तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटे मावत. पहाटेपर्यंत रंगलेली मैफल तिच्यात कशी मावावी? ती ऐकणाऱ्यांबरोबर गेली.

कोणी म्हणेल, कामगार चळवळीच्या माणसाने नाचाच्या संगीताची उठाठेव का करावी? श्रोतेहो, आमच्याच गावातली गोष्ट सांगतो. एका कारखान्यात बावीस वर्षे माग चालवलेला आमचा एक साथी वारला. बायकोला घेऊन आम्ही ग्रॅच्युइटी मागायला गेलो. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. त्याने विणलेल्या ताग्यांवर व्यापाऱ्याची छाप होती. त्याचा हात कुठेच नव्हता. शेजारच्या मागावरच्या चौघांनी साक्ष दिली, म्हणून प्रकरण निदान उभे तरी राहिले. तेव्हापासून, नोंद म्हणजे भाकरी, हे आम्ही पक्के शिकलो.

१९९४ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचे हक्क प्रथम आले. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कलेला आपले नाव लावून घेण्याचा हक्कही आला. चिक चॉकलेटला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. कायदा मेलेल्याला मजुरी देत नाही. पण साक्ष देणारे अजून काही उरले आहेत: जुने वादक, त्यांची मुले, पेटीत पडलेली स्वरलिपीची पाने, भंगारात निघालेल्या तबकड्या. ज्याच्या घरी असे काही असेल, त्याने ते रद्दीत घालण्यापूर्वी त्यावरचे नाव आणि साल वहीत उतरवावे. आणि पुढच्या वेळी रेडिओवर ‘अलबेला’ लागला, तर लताबाईंच्या नावामागोमाग हळदोण्याच्या वाझचेही नाव घ्यावे. आम्ही कारखान्यात ते घ्यायला सुरुवात केली आहे.