वजन कमी करणारी औषधे आणि पोटरीत येणारे गोळे

पोटरीचा, मांडीचा किंवा पायाच्या बोटांचा स्नायू एकाएकी आवळून दगडासारखा होतो, त्याला आपल्याकडे गोळा येणे, पेटका येणे किंवा वांब येणे म्हणतात. भूक कमी करणारी नवी औषधे घेणाऱ्या सभासदांकडून ही तक्रार वरचेवर कानावर येते, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र केली आहे. औषध चालू ठेवायचे की थांबवायचे, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

ही औषधे म्हणजे मुख्यतः सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड. टिर्झेपॅटाइडचे मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आले, सेमाग्लुटाइडचे वेगोवी जून २०२५ मध्ये. इंजेक्शन आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. त्याने जठरातले अन्न सावकाश पुढे सरकते आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्याचे नेहमीचे त्रास. पेटके या नेहमीच्या यादीत नाहीत. ते बहुधा आडवाटेने येतात.

ती आडवाट अशी. आपण पाणी फक्त तांब्यातूनच पितो असे नाही. आमटी, ताक, भाजी, भात यांतूनही बरेच पाणी आणि मीठ पोटात जाते. जेवण निम्म्यावर आले की तेही निम्म्यावर येते. त्यातच या औषधांनी काहींची तहानही मंदावते. वर उलटी-जुलाब झाले तर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार आणखी घटतात. जमा कमी आणि नावे जास्त, असे खाते किती दिवस चालणार? निपाणीकडचा एप्रिल-मे असेल तर घामाचा खर्च वेगळाच.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. रक्तदाबाची गोळी बेळगावच्या डॉक्टरांची, साखरेची कोल्हापूरच्या डॉक्टरांची, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड). त्याने पाणी आणि क्षार आणखी कमी होतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. म्हणून सर्व चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवाव्यात आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर पूर्ण पिशवी मोकळी करावी. आमच्या मते या लेखातले सर्वांत उपयोगाचे वाक्य हेच.

गोळा आला की पाय सरळ करून पंजा हाताने किंवा टॉवेलने हळूहळू आपल्याकडे ओढावा. अर्धा-एक मिनिट तसाच धरून मग पोटरी चोळावी. उभे राहणे जमत असेल तर टाच जमिनीला टेकवून भिंतीकडे झुकावे. झटका देऊ नये. रात्री गोळे येणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी हाच ताण दोन-तीन वेळा द्यावा.

भूक लागेल तेव्हा जेवू आणि तहान लागेल तेव्हा पिऊ, हा हिशेब या औषधांवर असताना चालत नाही. घड्याळ लावून थोडे थोडे घ्यावे लागते. नाचणीची आंबील, ताक, हुलग्याचे कढण, मुगाचे वरण हे थोडक्यात पुष्कळ देणारे पदार्थ. अंडी, मासे, पनीर, मटकीची उसळ यांपैकी काहीतरी रोज असावेच, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतो. एकादशी आणि नवरात्राच्या उपवासाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, त्यांनी तर विचारल्याशिवाय उपवास करूच नये.

उलटी-जुलाब झाले असतील तर ओआरएस घ्यावे. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढ्यातच ते विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये. रंगीत गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी ओआरएस आणि शहाळे विचारूनच घ्यावे. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकते. त्यावर रोज शहाळी पिणे शहाणपणाचे नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा मोठा बोलबाला आहे, पण वयस्कांच्या नेहमीच्या पेटक्यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही असे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. रक्तात कमतरता निघाली तर गोष्ट वेगळी.

पेटके आठवडाभर येतच राहिले तर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि थायरॉईड यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ सुद्धा. पुढच्या इंजेक्शनचा डोस वाढवायचा असेल तर पेटक्यांची गोष्ट त्याआधी सांगावी, नंतर नव्हे.

काही लक्षणांत मात्र घरी थांबू नये. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. लघवी फार कमी किंवा चहाच्या रंगाची होणे, छातीत धडधड, भोवळ, पाणीही न टिकणारी उलटी, पोटातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी जवळचे रुग्णालय गाठावे आणि आपण कोणते इंजेक्शन, कोणत्या वारी घेतले ते तिथे आधी सांगावे.