भंगारातील शिल्प आणि लोहाराचा हात

युरोपीय शिल्पपरंपरेत दगड, लाकूड आणि ब्राँझ यांना जो मान होता तो विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकापर्यंत लोखंडाला मिळाला नव्हता; लोखंड नांगराचे, फाटकाचे आणि रुळांचे, आणि ते गंजले की भंगाराचे, असेच मानले जाई. ही समजूत ज्यांनी मोडली त्यांचा हात लोहारशाळेत आणि कारखान्यात तयार झाला होता, आणि या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

हुलिओ गोन्झालेस (१८७६–१९४२) हा बार्सिलोनातील धातुकाम करणाऱ्या घरात जन्मला आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाल्यावर १९१८ साली रेनो मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन हे वायू एकत्र जाळले असता ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची टोकदार ज्योत मिळते, आणि तिच्या आचेने दोन तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. या कामाला ना मेणाचा नमुना लागतो ना साचा, आणि तुकडा जेथे धरावा तेथेच तो कायमचा बसतो. १९२८ पासून पाब्लो पिकासोने गोन्झालेसच्या मदतीने लोखंडात काम सुरू केले (त्याच वर्षी पुण्यात उभा राहिलेला वि. पां. करमरकरांचा अश्वारूढ शिवपुतळा परंपरेप्रमाणे ओतीव ब्राँझचा होता). पिकासोच्या ‘स्त्रीचे मस्तक’ या शिल्पात कवटीच्या जागी स्वयंपाकघरातल्या चाळण्या आल्या, तरी त्यांवर रंग चढला, आणि ‘बागेतील स्त्री’ तर पांढऱ्या रंगाखाली पूर्ण झाकली गेली. भंगाराला शिल्पात प्रवेश मिळाला होता. गंजाला अद्याप नव्हता.

या शिल्पांची छायाचित्रे एका फ्रेंच कलानियतकालिकात पाहून अमेरिकेतील डेव्हिड स्मिथला वाट सापडली. तरुणपणी स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात राबलेल्या या शिल्पकाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वे इंजिने आणि रणगाडे जोडण्याचेही काम केले. १९६२ मध्ये स्पोलेतो महोत्सवाच्या निमंत्रणावरून तो इटलीत गेला असता जेनोव्हाजवळील व्होल्त्री येथील बंद पडलेले पोलाद कारखाने त्याच्या हवाली करण्यात आले, आणि अपेक्षा एक-दोन शिल्पांची असताना त्याने सुमारे एका महिन्यात २७ शिल्पे उभी केली. कामगार मागे टाकून गेलेल्या सांडशा, चाके आणि पत्र्यांची कापलेली टोके यांतून ती घडली. ‘व्होल्त्री ७’ मध्ये तर चाकांच्या गाड्यावर पाच लोखंडी आकार उभे आहेत. उरलेले सामान त्याने अमेरिकेतील आपल्या बोल्टन लँडिंग येथील कार्यशाळेकडे पाठवून त्यातून आणखी एक मालिका केली. ज्या हातांनी त्या सांडशा वापरल्या होत्या त्यांचा मान राखणारे याहून थेट शिल्प आधुनिक काळात क्वचितच झाले असेल.

राहिला प्रश्न गंजाचा. साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असल्याने ओल आत शिरत राहते आणि धातू खंगत जातो. १९३३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या कॉर-टेन पोलादात मात्र तांबे, क्रोमियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणामुळे गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. याच पोलादाचे, सुमारे १५ मीटर उंचीचे पिकासोचे शिल्प १९६७ मध्ये शिकागोत उभारले गेले; त्याची जोडणी इंडियाना राज्यातील गॅरी येथील पोलाद कारखान्याच्या कामगारांनी केली, आणि या वेळी त्यावर रंगाचा हात फिरला नाही.