फोंताईन्हास : जुन्या वस्तीचे जतन

तिसवाडी आणि साष्टी या महालांत आपल्या पूर्वजांची देवालये पाहावयास गेले, तर त्यांची मूळ स्थाने बहुधा नावांवरूनच ओळखावी लागतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ती देवालये पाडली. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास गेला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. देव वाचले, परंतु वास्तू वाचल्या नाहीत. वास्तूबरोबर काय काय नाहीसे होते, हे गोमंतकीय हिंदूंस निराळे शिकवावयास नको. यास्तव पणजीतील फोंताईन्हास या जुन्या वस्तीच्या जतनाचा प्रश्न श्रीमठाच्या शिष्यवर्गापुढे मांडणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते.

जुने गोवे रोगराईने ओस पडू लागल्यावर १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविले, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आल्तिन्हो टेकडीचा पायथा आणि ओरें खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फोंताईन्हास वसली. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून तिला हे नाव पडले. अरुंद गल्ल्या, रस्त्याला लागूनच उभी असलेली घरे, लोखंडी कठड्यांचे सज्जे, लाल कौले आणि निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांच्या भिंती हे तिचे रूप आजही ओळखू येते.

ही रचना परकीय वळणाची असली, तरी तिचे साहित्य आपल्याच भूमीचे होय. भिंती जांभ्या दगडाच्या, गिलावा चुन्याचा आणि जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने. वर्षाकाठी जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस जेथे पडतो, तेथे हे साहित्य टिकते, पण निगा मागूनच टिकते. एक कौल फुटले आणि ते वेळेवर बदलले नाही, की वासा कुजतो. वासा कुजला, की छप्पर बसते. आणि मग भिंतीच्या माथ्यातून पाणी आत शिरते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर बळकटीच्या समजुतीने सिमेंट थापले, तर ओल आतच कोंडून जांभा झिजू लागतो. पावसाळा सरल्यावर भिंतींना पुन्हा रंग देण्याचा जुना प्रघात शोभेपुरता नव्हता. त्यात घराची वार्षिक तपासणीही होत असे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्यांनी आमची देवालये पाडली, त्यांच्या अमदानीतील घरांची काळजी आम्ही का वाहावी? या वस्तीतील सेंट सेबास्टियनच्या चॅपेलमध्ये एक मोठा क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये या चॅपेलमध्ये. ज्या सभागृहात माणसांच्या श्रद्धेचा न्याय केला जाई, तेथील ही वस्तू आज डोळ्यांनी पाहता येते. ती नष्ट झाली असती, तर आपल्या पूर्वजांनी भोगलेल्या यातनांचा एक मूक साक्षीदारच गेला असता. जतन करणे म्हणजे गौरव करणे नव्हे. शिवाय या भिंती रचणारे गवंडी व सुतार याच मातीचे होते.

शासनाच्या नगरनियोजनात ही वस्ती संरक्षित क्षेत्र म्हणून गणली जाते. घर पाडण्यास वा त्याचे रूप पालटण्यास त्यामुळे बंधन आले. परंतु बंधनाने घर पाडणे थांबते, गळणे थांबत नाही. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुनी भाडी इतकी अल्प, की कौलांचा खर्चही त्यांतून निघू नये. वारसाहक्काच्या पोर्तुगीज परंपरेने सर्व मुले समान वाटेकरी. त्यांतले कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, आणि दुरुस्तीस संमती मात्र सर्वांची हवी. अलीकडे कित्येक घरांची अतिथिगृहे झाली. त्याने छपरे सावरली, हे मान्य केले पाहिजे. पण दारात उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्यांच्या गर्दीने रहिवाशांना आपलेच दार उघडण्याचा संकोच वाटू लागला, तर रंगविलेली भिंत तेवढी उरेल आणि वस्ती हरपेल. ज्या घरात संध्याकाळी दिवा लागतो, त्याच घराचे फुटके कौल दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी दृष्टीस पडते.

आपल्या देवालयांभोवतीच्या अग्रशाळा आणि रथबिदीवरील जुनी घरे यांनाही हाच न्याय लागू आहे. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्णाचा उद्धार असा आहे. जीर्ण पाडून नवे उभारणे असा नाही. वर्धापनाच्या या शुभप्रसंगी प्रत्येक शिष्यकुटुंबाने आपल्या मूळ घराचे छप्पर मृगापूर्वी एकदा स्वतः पाहावे, आणि सिमेंटचे पोते आणण्यापूर्वी चुना जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध गवंड्यास विचारावे. देवालयांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांना ही संधी मिळाली नाही. आपल्याला ती आहे.