घरच्या संगणकांतील मोडेम

घरांत एखादें यंत्र कसें बसवावें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. इतिहासाशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें मनांत येत नाहीं. परंतु कांहीं यंत्रें अशीं असतात कीं, त्यांच्या बसवणुकीच्या रीतींतच त्यांचा सारा इतिहास सांठलेला असतो. १९८० पासून २००० पर्यंतच्या वीस वर्षांत घरोघरच्या संगणकांत जो मोडेम बसविला गेला, तो अशा यंत्रांपैकीं एक होय. हाताच्या पंजाहून थोडें मोठें असें तें एक कार्ड. त्यावर कांहीं चिपा, कांहीं बारीक खुंट्या, आणि मागच्या अंगाला टेलिफोनच्या तारेसाठीं दोन भोकें. तें कार्ड संगणकाच्या पोटांत खोंचून चालतें करतांना सामान्य गृहस्थाला जी खटपट करावी लागे, तिचें प्रत्येक कारण पूर्वींच्या कोणत्या तरी निर्णयांत होतें. तो निर्णय कधीं न्यायपीठाचा, कधीं व्यापाऱ्याचा, तर कधीं यंत्राची आंखणी करणाऱ्या इंजिनिअराचा असे. ह्या सर्वांच्या मुळाशीं मात्र एकच प्रश्न होता : आपल्या घरांत आलेल्या तारेला काय जोडावें, हें कोणीं ठरवावयाचें?

टेलिफोनची तार मुळांत माणसाच्या आवाजासाठीं आहे. सेकंदाला सुमारें ३०० पासून ३४०० पर्यंत कंपनें असलेले ध्वनि तिच्यावरून जातात. त्याखालचे व त्यावरचे वाटेंतच गळतात. संगणकाला तर शून्य आणि एक ह्या दोनच खुणा ठाऊक. ह्या खुणांचे सूर करून ते तारेवर सोडावयाचे आणि पलीकडून आलेल्या सुरांच्या पुन्हा खुणा करावयाच्या, हें मोडेमचें काम. मोड्युलेटर आणि डीमोड्युलेटर ह्या दोन शब्दांचे आरंभ जोडून त्याचें नांव झालें. अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या व्यवस्थेंत १९५० नंतरच्या दशकांत अशीं यंत्रें प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरांत आलीं. पुढें १९६२ सालीं अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीनें 'बेल १०३' हा मोडेम बाजारांत आणला. त्याची योजना सोपी होती. फोन करणाऱ्या बाजूनें शून्यासाठीं १०७० आणि एकासाठीं १२७० कंपनांचा सूर काढावयाचा. उत्तर देणाऱ्या बाजूनें त्याच क्रमानें २०२५ आणि २२२५ कंपनांचा. सूर निराळे असल्यामुळें दोन्ही बाजूंना एकाच वेळीं बोलतां येई. वेग सेकंदाला ३०० खुणांचा, म्हणजे सुमारें ३० अक्षरांचा. दोन हजार अक्षरांचें एक छापील पान पोहोंचण्यास मिनिटाहून अधिक वेळ लागे.

परंतु असें यंत्र कोणीही करून तारेला जोडावें, अशी मोकळीक तेव्हां नव्हती. तार कंपनीची, टेलिफोन कंपनीचा, आणि त्याला दुसऱ्या कोणाचीही वस्तु जोडूं नये असा कंपनीचा नियम. हा नियम किती ताणला जाई, ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. आपलें बोलणें शेजारीं बसलेल्यास ऐकूं जाऊं नये म्हणून टेलिफोनच्या तोंडाला बसविण्याचा 'हश-ए-फोन' नांवाचा एक साधा पेला विकला जात असे. त्यालाही कंपनीनें हरकत घेतली, आणि तें प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत जाऊन १९५६ सालीं पेल्याच्या बाजूनें निकाल लागला. पुढें टेक्सासमधील टॉमस कार्टर ह्यांनीं तेलक्षेत्रांत दूरवर काम करणाऱ्या माणसांचा रेडिओ टेलिफोनशीं जोडून देणारें एक साधन केलें. त्यावरून निघालेल्या तंट्यांत अमेरिकेच्या फेडरल दळणवळण आयोगानें १९६८ सालीं असा निर्णय दिला कीं, ज्यानें व्यवस्थेची हानि होत नाहीं अशी वस्तु जोडण्यास ग्राहकाला मज्जाव करतां येणार नाहीं. तरीही मध्यें कंपनीचेंच एक रक्षक उपकरण घ्यावें लागे. म्हणून कित्येक लोक तारेला हातच न लावतां टेलिफोनचा रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत ठेवीत आणि सूर हवेंतून ऐकवीत. १९७५ सालीं आयोगानें नोंदणीची पद्धत ठरविली, आणि नोंदलेलें यंत्र सरळ भिंतींतील खटक्याला लावण्याचा मार्ग मोकळा झाला. घरच्या मोडेमचा जन्म ह्या निर्णयांवांचून झाला नसता.

अटलांटा शहरीं डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन ह्या दोघांनीं १९७७ सालीं छंदी लोकांच्या संगणकासाठीं एक मोडेम काढला. तो संगणकाच्या आंत बसणारें कार्डच होता. म्हणजे घरगुती मोडेमचा आरंभ आंतल्या मोडेमानेंच झाला. पण त्यांत एक अडचण होती. प्रत्येक कारखानदाराच्या संगणकांतील स्लॉट निराळा. एकासाठीं केलेलें कार्ड दुसऱ्यांत बसेना. ह्यावर त्यांनीं १९८१ सालीं 'स्मार्टमोडेम' हा उपाय काढला. ही बाहेर ठेवावयाची पेटी असून ती कोणत्याही संगणकाच्या सीरियल पोर्टाला चाले. मात्र त्या पोर्टांतून अक्षरांखेरीज कांहींच जात नसल्यामुळें मोडेमला द्यावयाच्या आज्ञाही अक्षरांतच लिहाव्या लागल्या. 'ए' आणि 'टी' हीं दोन अक्षरें म्हणजे मोडेमचें लक्ष वेधण्याची हांक. त्यापुढें 'डी' म्हणजे फोन लाव, 'एच' म्हणजे ठेवून दे, 'ए' म्हणजे उत्तर दे. बोलणें चालूं असतां मध्येंच मोडेमशीं बोलावयाचें तर क्षणभर थांबून अधिकाची खूण तीनदां लिहावी आणि पुन्हा थांबावें. ही भाषा इतकी सोयीची ठरली कीं, प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं तीच उचलली.

त्याच १९८१ सालीं आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, आणि त्याच्या नकला जगभर होऊं लागल्या. आतां स्लॉट सर्वत्र एकसारखा झाला. त्यामुळें आंतलें कार्ड पुन्हा फायद्याचें ठरलें. त्याला निराळी पेटी नको, निराळा वीजपुरवठा नको. पण सर्व प्रोग्राम सीरियल पोर्टाशीं बोलण्यास शिकलेले होते. म्हणून आंतल्या मोडेमला आपणच एक सीरियल पोर्ट आहों असें सोंग घ्यावें लागलें, आणि येथूनच गृहस्थाची खरी खटपट सुरू झाली.

संगणकांतील प्रत्येक साधनाला 'माझ्याकडे पाहा' असें मुख्य चिपेला सांगण्यासाठीं एक तार लागते. तिला इंटरप्ट म्हणतात. मूळ यंत्रांत अशा आठच तारा होत्या. पुढें १९८४ च्या यंत्रांत वाढल्या तरी त्या वेगवेगळ्या कामांत गुंतल्या. पहिल्या सीरियल पोर्टास ४ क्रमांकाची व दुसऱ्यास ३ क्रमांकाची तार मिळाली. मागाहून तिसरा आणि चौथा पोर्ट आला, तेव्हां तिसऱ्याला पहिल्याचीच आणि चौथ्याला दुसऱ्याचीच तार वांटून देण्याची रूढि पडली. एका दाराला एकच घंटा आणि आंत दोन बिऱ्हाडें, असा तो प्रकार. दोघांकडे पाहुणे एकाच वेळीं न आले तर निभावतें. आले तर गोंधळ. पुष्कळांचा माऊस पहिल्या पोर्टावर असे. गृहस्थ मोकळा म्हणून तिसरा पोर्ट मोडेमला देई. मग फोन लागला, अक्षरें येऊं लागलीं, आणि माऊस हालवितांच सर्व जागच्या जागीं थिजलें, असा अनुभव येई. दोष ना माऊसचा ना मोडेमचा. तो आंखणीचा होता.

ह्यावरील उपाय जाणत्यांना पाठ असे. वीज बंद करावी. पेटी उघडून तिच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील विजेचा भार निघून जातो व चिपांस अपाय होत नाहीं. कार्डावरील खुंट्यांवर जंपर नांवाच्या चिमुकल्या टोप्या असतात; पुस्तिकेंतील कोष्टक पाहून त्या दुसऱ्या पोर्टासाठीं व ३ क्रमांकाच्या तारेसाठीं लावाव्या. स्लॉटपुढील पत्र्याची पट्टी काढून कार्ड दोन्ही टोंकांनीं सारखें दाबून बसवावें आणि स्क्रूनें आंवळावें. दोन भोकांपैकीं एकांत भिंतीकडील तार व दुसऱ्यांत टेलिफोन लावावा. संगणक सुरू होतांच त्याच्या मूळ मांडणींत शिरून मुख्य पाटीवरील दुसरा पोर्ट बंद करावा, नाहीं तर एका नांवाचे दोन दावेदार होतात. मग टर्मिनलचा प्रोग्राम उघडून 'एटी' लिहावें. उत्तरादाखल 'ओके' हीं अक्षरें उमटलीं म्हणजे मोडेम जागा आहे असें समजावें.

तरी एवढ्यानें भागत नसे. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबईसह मोठ्या शहरांतून इंटरनेटची सेवा सर्वसामान्य ग्राहकांस खुली केली, तेव्हां परदेशी आंखणीचे मोडेम घेऊन बसलेल्या गृहस्थांना आणखी दोन गोष्टी शिकाव्या लागल्या. जेथें टेलिफोन केंद्र जुन्या धर्तीचें होतें तेथें सुरांनीं नंबर फिरवितां येत नसे. 'डी' पुढें 'टी' च्या जागीं 'पी' लिहून जुन्या चकतीसारखे ठोके द्यावे लागत. दुसरें असें कीं, अमेरिकन डायल-टोनची संवय असलेला मोडेम निराळ्या देशाचा डायल-टोन ओळखीतच नसे, आणि 'नो डायलटोन' असें लिहून स्वस्थ बसे. त्याला 'एक्स ३' ही आज्ञा दिली म्हणजे तो टोनची वाट न पाहतां नंबर फिरवी. मग त्या परिचित किंकाळ्या ऐकूं येत. त्या निरर्थक नसत. तार किती स्वच्छ आहे व कोणता वेग झेपेल, ह्याविषयीं दोन मोडेमांची ती बोलणीं असत. तेवढा वेळ घरचा टेलिफोन अर्थातच गुंतलेला राही.

दरम्यान वेग वाढत होता. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणें १९८४ सालीं सेकंदाला ९,६००, १९९१ सालीं १४,४००, आणि १९९४ सालीं २८,८०० खुणांपर्यंत मजल गेली. ह्या वेगानें जुन्या सीरियल चिपेची कसोटी पाहिली. तिच्यांत आलेलें एकच अक्षर ठेवण्यापुरती जागा असे. मुख्य चिपेनें हजारांश सेकंदांत तें उचललें नाहीं तर पुढचें अक्षर त्यावर येऊन पडे. '१६५५०' ह्या सुधारलेल्या चिपेंत सोळा अक्षरांची जागा झाली, तेव्हां ही गळती थांबली. शेवटचा टप्पा १९९८ च्या 'व्ही ९०' मानकाचा. टेलिफोन केंद्रें आंतून अंकांच्या भाषेंत बोलूं लागलीं होतीं. तीं आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेत. प्रत्येक नमुन्यामागें सात खुणा धरल्या म्हणजे ५६,००० होतात. घराकडे येणाऱ्या दिशेची कमाल मर्यादा ती हीच. घरांतून जाणाऱ्या दिशेस ३३,६००. ३० अक्षरांपासून हजारों अक्षरांपर्यंतचा हा प्रवास त्याच तांब्याच्या तारेवर झाला.

बसवणुकीची खटपटही ह्याच काळांत संपली. 'प्लग अँड प्ले' ह्या नांवाची योजना १९९३ सालीं ठरली. तींत कार्ड आपली ओळख आपणच सांगे आणि संगणक त्याला मोकळी तार नेमून देई. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं, म्हणजे मुंबईंतील सेवा सुरू झाल्यापासून नऊ दिवसांनीं, निघालेल्या विंडोज ९५ नें ही योजना घरोघर नेली. नवीन पी.सी.आय. स्लॉटांत तर एक तार अनेकांना सुखानें वापरतां येऊं लागली. जंपर गेले, कोष्टकें गेलीं. गृहस्थ सुखी झाला.

परंतु ह्या सुखाच्या पोटींच एक गोष्ट हळूच निसटली. कार्ड स्वस्त करण्यासाठीं कारखानदारांनीं त्यावरील हुशार चिपा काढून टाकल्या आणि सूर घडविण्याचें काम संगणकाच्या मुख्य चिपेकडे, म्हणजे एका गुप्त प्रोग्रामाकडे, सोंपविलें. अशा मोडेमला 'विनमोडेम' हें नांव रूढ झालें. तो प्रोग्राम बहुधा विंडोजपुरताच असे. ज्यांनीं लिनक्ससारखी मोकळी प्रणाली घेतली त्यांच्या हातीं तेंच कार्ड म्हणजे निर्जीव पत्रा ठरे. जुन्या कार्डाला 'एटी' म्हटलें कीं तें कोणत्याही प्रोग्रामला 'ओके' म्हणे. नव्याला आपल्या कारखानदाराच्या परवानगीवांचून बोलतांच येत नसे. त्याची रचना उलगडून पर्यायी प्रोग्राम लिहिण्यासाठीं अनेक स्वयंसेवकांनीं वर्षें खर्चिलीं. १९६८ सालीं तारेच्या मालकाचा जो हक्क अमान्य झाला होता, तो अशा रीतीनें कार्डाच्या मालकीत शिरून परत आला. आणि ह्या वेळीं बहुतेकांना त्रास झाल्यासारखें वाटलें नव्हतें.

पुढें अखंड जोडणीच्या नव्या साधनांनीं हें सर्वच प्रकरण मागें टाकलें. हेझ ह्यांची कंपनी १९९९ सालीं निकालांत निघाली. एओएल ह्या अमेरिकन कंपनीनें आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. परंतु 'एटी' ची भाषा मेलेली नाहीं. मोबाइलच्या जाळ्याशीं बोलणाऱ्या मोडेमांस आजही ह्याच दोन अक्षरांनीं हांक मारली जाते. ती टिकली, कारण ती सर्वांना ठाऊक होती आणि कोणालाही वापरतां येत होती. सोय हवीच, जंपरांच्या कोष्टकांसाठीं कोणी हळहळावें असें नाहीं. पण घरांत येणारें यंत्र अधिक सोपें झालें म्हणजे त्याचें अवघड काम नाहींसें होत नाहीं, तें दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं जातें. तें कोणाच्या हातीं गेलें, आणि त्याबरोबर आपला कोणता हक्क गेला, एवढें विचारण्याची संवय प्रत्येक घरानें ठेवावी, हेंच ह्या लहानशा कार्डाच्या इतिहासाचें तात्पर्य होय.