‘गिट स्टॅश’ची कुळकथा

संगणकाच्या आज्ञावलीत कोणी, कधी आणि कोणता बदल केला याची नोंद राखणाऱ्या ‘गिट’मध्ये एकाच प्रकल्पाच्या अनेक ‘ब्रँच’, म्हणजे शाखा, शेजारी शेजारी नांदतात. परंतु एका शाखेवरचे काम अर्धवट टाकून दुसरीवर जायचे असेल आणि दोन्हींकडे वेगळ्या असलेल्या फाइलीला हात लागला असेल, तर बदल पुसले जाऊ नयेत म्हणून गिट वाट अडवते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्सच्या गाभ्यासाठी गिट लिहायला घेतले, तेव्हा या अडचणीवर स्वतंत्र आज्ञा नव्हती. तात्पुरती शाखा काढून तिच्यावर कच्ची ‘कमिट’, म्हणजे बदलांची नोंद, करून ठेवावी लागे.

अर्धवट बदल बाजूला ठेवून नंतर परत आणणारी, नानाको शिराइशी यांनी लिहिलेली ‘स्टॅश’ ही छोटी स्क्रिप्ट सप्टेंबर २००७च्या १.५.३ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आली. काम रंगात आले असताना वरिष्ठ येऊन भलतीच दुरुस्ती तातडीने मागतात, हा गिटच्या माहितीपुस्तिकेतील प्रसंग तिचे प्रयोजन नेमके सांगतो.

तिची रचना मात्र नावापेक्षा अधिक रंजक आहे. स्टॅशसाठी निराळे कोठार बांधलेले नसून, प्रत्येक स्टॅश ही आधीच्या नोंदींवर, म्हणजे ‘जनकां’वर, रचलेली एक कमिटच असते: एक जनक म्हणजे काम थांबले तेव्हाची शेवटची कमिट, दुसरा म्हणजे पुढील नोंदीसाठी वेगळे काढलेले बदल, आणि गिटला अजून न सांगितलेल्या नव्या फाइलीही सोबत घेतल्या तर तिसरा. एकावर एक रचलेल्या या नोंदींची उतरंड गिटच्याच ‘रिफलॉग’ या रोजनिशीवर चालते. ‘पॉप’ या आज्ञेने सर्वांत वरची नोंद परत घेताना बदल एकमेकांत अडकले, तर गिट ती नोंद काढून टाकत नाही. जुन्या सुट्या भागांतून केलेली ही जुळणी इतकी टिकाऊ ठरली की मूळ स्क्रिप्ट सी भाषेत नव्याने येण्यास २०१९ उजाडले.

याच जुळणीत उणीवही होती. ‘पुश’ केल्यावर शाखा दूरच्या सर्व्हरवर जातात, स्टॅश त्याच संगणकावर राहतो. सावित्री आणि गांधारी या नद्यांनी जुलै २००५ आणि जुलै २०२१मध्ये वेढलेल्या महाडमध्ये, किंवा शेजारच्या लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, ही गोष्ट क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही: तळमजल्यावरील संगणक पाण्यात गेला की स्टॅशही गेला. पावसाळ्यात तरी कच्ची कमिट तात्पुरत्या शाखेवर पुश करणेच शहाणपणाचे. २०१५मध्ये आलेल्या ‘वर्कट्री’मुळे दुसरी शाखा दुसऱ्या फोल्डरात उघडता येऊ लागली, पण तोही फोल्डर त्याच यंत्रावरचा. स्टॅश शाखेसारखा बाहेर पाठवता यावा यासाठीच्या ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘इम्पोर्ट’ या आज्ञा ऑगस्ट २०२५च्या २.५१ आवृत्तीत आल्या, आणि त्याही मागितल्याखेरीज काही करीत नाहीत.