परसातली राख गेली, मांजर कुठे जाणार?

आजचा विषय ऐकून काही जणी नाक मुरडतील, पण विषय घरोघरचा आहे. घरात दोन-चार मांजरं असली, की त्यांच्या घाणीचं करायचं काय?

पनवेल तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गप्पा निघतात, आणि गप्पांत मांजराची तक्रार हटकून येते. कुणाच्या गादीवर, कुणाच्या तांदळाच्या पिंपामागे, तर कुणाच्या देवघराच्या कोपऱ्यात घाण झालेली असते. मग घरात भांडण. सासूबाई म्हणतात, सोडून या. घरातलं कुणीतरी मांजरं पोत्यात घालतं आणि मासळी बाजाराजवळ सोडून येतं. मुलं रडतात. पुढे उंदीर वाढले, की कुणाकडून तरी नवं पिल्लू आणलं जातं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

आम्हाला वाटतं, मांजराला पोत्यात घालण्याआधी एक प्रश्न विचारावा. आपल्या आजीच्या घरीही मांजरं होतीच. मग तिच्या तोंडून ही तक्रार इतकी का ऐकू यायची नाही? उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यामागून. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्याला उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. आपली घरची मांजरं त्याच पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या वंशातली आहेत, हे २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं.

ते रानमांजर कोरड्या, रेताड मुलखातलं. एकटं राहणारं, एकटं शिकार करणारं. मऊ माती उकरायची, खड्ड्यात घाण करायची आणि वर माती ओढायची, ही त्याची रीत. म्हणूनच आपल्या घरातलं पिल्लू कुणी न शिकवता माती उकरतं. मैत्रिणींनो, मांजर मुळात स्वच्छ आहे, त्याला फक्त उकरायला काहीतरी लागतं.

आता आपल्या मुलखाकडे या. पनवेल हे जुनं बंदर. बोरघाट उतरून आलेला माल इथून खाडीने मुंबईला जायचा. भोवताली भातशेती. घरात भाताच्या कणग्या, माळ्यावर बियाणं, शिंक्यावर दूध आणि सुकी मासळी. अशा घरात मांजर लाडाचं नव्हतं, कामाचं होतं.

ते काम किती मोठं होतं, हे प्लेगने दाखवलं. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ मुंबई इलाखाभर पसरली. रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे आपण सगळ्या जाणतो. उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून हा रोग पसरतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. पुढे अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी खेड्यांतली मांजरं मोजली. जिथे घरोघर मांजरं आहेत तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं. १९०८ साली ते ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मांजर हा काही प्लेगवरचा पुरा उपाय नव्हता. मांजरालाही प्लेग होतो. पण आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यांतल्या मांजरांची मोजदाद जगापुढे गेली, ही लक्षात ठेवण्याची गोष्ट. आणि आज पावसाळ्यात लेप्टोची भीती असतेच. तो रोग मुख्यतः उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून येतो. उंदरांचा बंदोबस्त आजही आपल्याला हवाच आहे.

तर तेव्हाची ही कामाची मांजरं घाणीला कुठे जायची? परसात. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे परस, परसाच्या कोपऱ्यात उकिरडा आणि चुलीतल्या राखेचा ढीग. मऊ, कोरडी, उकरायला सोपी राख. मांजर रात्री जायचं, उकरायचं, झाकायचं. चार मांजरं असली तरी परस मोठं, प्रत्येकाचा कोपरा वेगळा. घाण व्हायची, पण ती आजीच्या नजरेला पडायची नाही.

मग घर बदललं. अंगणात फरशी आली, परसात सिमेंट. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे नवीन पनवेल वसलं, वाड्या-पाड्यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. चूल जाऊन गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा खेड्यापाड्यांतही शेगडी पोहोचली. आपल्या डोळ्यांतला धूर गेला, हे फार चांगलं झालं. पण धुराबरोबर राखही गेली. परस गेलं, माती गेली, दार रात्री बंद झालं. मांजर मात्र तेच राहिलं. मग त्याने घरात मऊ काय आहे ते शोधलं. गादी, गोधडी, गोणपाट, कपड्यांचा ढीग.

हीच गोष्ट अमेरिकेत आपल्या आधी घडली होती. तिथे थंडीच्या दिवसांत घरातल्या मांजरासाठी लोक पेटीत वाळू किंवा राख ठेवत. १९४७ च्या हिवाळ्यात मिशिगन राज्यात एका बाईची वाळू गोठली. राख वापरली तर घरभर काळी पावलं. ती एडवर्ड लो या शेजाऱ्याकडे वाळू मागायला गेली. त्याच्या घरचा धंदा तेल-पाणी शोषून घेणाऱ्या वस्तूंचा. त्याने तिला वाळूऐवजी शोषून घेणाऱ्या मातीचे दाणे दिले. ही माती मुलतानी मातीच्या जातीची, आपण तोंडाला लावतो तीच! बाई पुन्हा मागायला आली. लोने त्या मातीच्या पिशव्या भरल्या. दुकानदार म्हणाला, वाळू जवळजवळ फुकट मिळते, याला पैसे कोण देईल? लो म्हणाला, मग फुकट वाटा. लोक परत येऊन विकत मागू लागले. त्यातून मोठा धंदा उभा राहिला. १९८० च्या दशकात ओली झाली की गोळा होणारी बेंटोनाइट माती वापरात आली. ही माती आपल्या देशात कच्छ आणि राजस्थानात निघते. शहरातल्या दुकानांत आज तिच्या पिशव्या मिळतात.

या गोष्टीत आम्हाला दोन मुद्दे दिसतात. पहिला, मांजराची घाण काढण्याचं काम तिथेही बाईच्याच वाट्याला होतं. दुसरा, सुटका झाली ती मांजराला मारून नाही, तर त्याची माती त्याला परत देऊन. आपणही तेच करायचं, आणि त्याला फार खर्च येत नाही.

जुनं घमेलं किंवा पसरट टब घ्या. पिल्लांसाठी काठ बुटका असू द्या. त्यात चार बोटं कोरडी वाळू, बारीक माती किंवा लाकडाचा भुसा घाला. भाताचा तूसही चालतो. निव्वळ राख नको. ओली झाली की राखेचा खार उतरतो आणि मांजराचे पाय चुरचुरतात. मातीत मूठभर मिसळलीत तर हरकत नाही.

मांजरं जास्त असतील तर मोजणी सोपी आहे. जितकी मांजरं, तितकी घमेली आणि वर एक. तीन मांजरांना चार. आपण म्हणाल, एवढी कशाला? कारण मांजर मुळात एकटं राहणारं. घरात एक दांडगा बोका असतो, तो वाटेत बसतो आणि गरीब मांजर घमेल्यापर्यंत पोहोचत नाही. मग ते गादीखाली जातं. म्हणून सगळी घमेली एका ओळीत ठेवू नका. एक पडवीत, एक मोरीजवळ, एक जिन्याखाली. जागा शांत हवी आणि मांजराला दोन्ही बाजूंनी पळता यायला हवं. जेवणाच्या ताटलीपासून घमेलं लांब ठेवा. घर लहान असेल तर निदान दोन ठिकाणं करा आणि सफाई जास्त वेळा करा.

घाण दिवसातून दोनदा काढा. आठवड्याने सगळी माती बदला, घमेलं साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. काढलेली घाण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका. लांब खड्डा करून पुरा. इमारतीत राहत असाल तर पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

आपल्यातले कितीतरी गट फिनेल बनवून विकतात, म्हणून हे नीट ऐका. घमेल्याला किंवा मांजराच्या जागेला फिनेल लावू नका. फिनेलमधली काही द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, ती त्याला विषासारखी असतात. पाय चाटताना फिनेल पोटात जातं. शिवाय उग्र वासाने मांजर घमेलं सोडून देतं आणि आपण पुन्हा गादी धुतो.

मांजराने जागा चुकवली म्हणून त्याचं नाक घाणीत घासू नका, मारू नका. त्याला चूक कळत नाही, फक्त आपली भीती बसते. बोका शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल, तर ती हद्द दाखवण्याची रीत आहे. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांची ही सवय जाते किंवा बरीच कमी होते. मांजरीचीही करावी. दोन महिन्यांत ती पिल्लं देते, वर्षातून दोन-तीन वेळा देऊ शकते. मग घमेली पुरणार कशी? आणि बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कळ काढतोय, पण लघवी होत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आता गरोदर सुनांबद्दल. दिवस गेले की मांजर घराबाहेर, असा रिवाज पडला आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा रोग बाळाला बाधू शकतो, हे खरं. पण त्यातले जंतू बाधण्याजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून घाण रोज काढायची आणि त्या नऊ महिन्यांत ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा रोग होतो. मांस पुरतं शिजवा, भाजी धुवा, मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवा. मांजर पोत्यात घालायची गरज नाही. पाळलेलं जनावर कारण नसताना असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

राखेचा ढीग होता तेव्हा मांजराचं काम परस करत होतं. परस गेलं आणि ते काम न विचारता बाईच्या अंगावर पडलं. म्हणून घमेलं आणाल त्याच दिवशी घरात पाळ्या लावा. सकाळची पाळी मुलांची, संध्याकाळची पुरुषांची. मांजराला दूध घालायला सगळे पुढे असतात, मग घमेलंही सगळ्यांचं.

पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर हा विषयही काढा. कुणाकडे किती मांजरं, किती घमेली, नसबंदी झाली का, हे एकमेकींना विचारा. पाच-सहा जणींनी मिळून लाकडाच्या वखारीतून भुशाचं एक पोतं आणलं, तर सगळ्यांचं काम भागेल.